टाकी नंबर तीन

शलाका ढवंगळे पहिल्यांदा माझ्या शेडमध्ये आली
तेव्हा मी दुधाच्या टाकीचा बूड घासत होतो.
हिंगणा एमआयडीसी, दुपारचे तीन,
पत्र्याखाली सावलीसुद्धा चटका द्यायची.
तिनं वहीतलं चित्र पुढे धरलं,
वर गोल, खाली निमुळतं, भोवऱ्यासारखं.
"अशा चार पाहिजेत, निमजे काका. बियरच्या."
मी पीत नाही. पण स्टीलला काय त्याचं.

"पाचशेच लिटर? एवढ्यात काय होते बाप्पा?"
"क्राफ्ट बियर आहे, काका."
"म्हणजे कोणती?"
तिनं बोटं मोजली.
एक, थोडी करायची.
दोन, मालक आपणच, वरती कोणी शेठ नाही.
तीन,
आणि तिसरं बोट तसंच हवेत राहिलं.
मग म्हणाली, "ॲडव्हान्स किती देऊ?"

वर्धा रोडला तिचं दुकान थाटलं.
उत्पादन शुल्कवाले साहेब फॉर्म उलटून म्हणाले,
क्राफ्टचा रकाना नाही इथं, मायक्रोब्रुअरी लिहा.
गिऱ्हाइकांतला एक दाढीवाला म्हणे,
कडू असली की क्राफ्ट.
दुसरा म्हणे, महाग असली की.
काटोलच्या संत्र्याची साल ती गच्चीवर वाळवायची,
शेजारीण विचारायची, मुरब्बा करता का?

माझा बाप गोळीबार चौकात मागावर बसायचा.
हातमागाची म्हणून कोणी पॉवरलूमची साडी आणली
की एक शब्द न बोलता पदर उलटा करायचा,
उलट्या बाजूवरून बोट फिरवायचा,
आणि घडी करून परत द्यायचा.

मे महिना. सेहेचाळीस.
सलग दोन रात्री लाइट गेली.
जनरेटर एक तास चालून खोकत बसला.
रात्री साडेअकराला तिचा फोन,
मी कूलरच्या खसच्या ताट्या सोडवून नेल्या,
माझ्या घरच्या दोन, शेजारच्या वैरागड्यांच्या तीन,
ओल्या करून टाक्यांना गुंडाळल्या,
वर बर्फाच्या लाद्या, सुतळीनं बांधून.
सगळ्या दुकानाला खसचा वास,
आणि चार टाक्या पाणीपट्ट्या ठेवलेल्या पोरांसारख्या.

तीन वाचल्या.
तीन नंबरची आंबली.
भागीदार पोरगा पिऊन म्हणाला, "चालते न!
संत्रा आहे, आंबटच राहीन. कोणाले समजते?"
तिनं ग्लास माझ्या नाकाशी धरला.
मला वाटलं, बरी आहे.
तिनं खालचा व्हॉल्व्ह उघडला.
पाचशे लिटर संत्रं नालीतून गेलं,
फेस मोरीवर बराच वेळ बसून होता.
"माझ्यानं तापमान सांभाळलं गेलं नाही," ती म्हणाली,
आणि वहीत तारीख टाकून तसंच लिहिलं.

मी घरी आलो. जेवलो नाही.
कारण तापमान चारही टाक्यांना सारखंच होतं.
कारण तीनचा आतला जोड मारताना
आर्गनचा सिलिंडर संपत आला होता,
आणि शनिवार होता,
आणि मी म्हटलं होतं, निघून जाईल.
वरून पॉलिश असं दिलं की तोंड दिसावं.

सकाळी बॅटरी घेऊन टाकीत उतरलो.
बोट फिरवलं जोडावरून, सावकाश,
बापासारखं.
वेल्डिंगच्या शेवटाला मोहरीएवढं छिद्र.
तेवढ्यात काय काय राहत असेल,
धुऊन न निघणारं.

मोठ्या कारखान्यात असं झालं असतं
तर चूक खात्याखात्यांत फिरली असती
आणि शेवटी कोणाचीच उरली नसती.
इथं तिला पत्ता होता.
मी आतूनच हाक मारली, "शलाका, वही आण.
तुझं नाव खोड. माझं लिही."
स्टीलमध्ये आवाज घुमला, नाव, लिही, लिही.
ती वरच्या झाकणातून डोकावली.
काही बोलली नाही.
मग तिचं बोट दिसलं, तेच, तिसरं,
छिद्र कुठं ते विचारत.

त्या दिवशी दुकानाच्या फळ्यावर खडूनं लिहिलं होतं:
एक, चालू. दोन, चालू. चार, चालू.
तीन, बंद आहे.
निमजे काका आत आहेत.